सर्जिओ रामोस: लाल कार्डं मोजणाऱ्यांनी काय मोजलं नाही

फुटबॉलच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. मीम बदलतं, भाषा बदलते, मुद्दे मात्र तेच. सर्जिओ रामोस हा उगाच मोठा केलेला बचावपटू. २६ लाल कार्डं घेणारा धटिंगण. गोल केले ते पेनल्टीचे. खरा बचाव रेयाल माद्रिदमध्ये पेपे आणि वराननं केला, स्पेनमध्ये पुयोल आणि पिकेनं. २०१८ ची चॅम्पियन्स लीगची फायनल लिव्हरपूलच्या सलाहचा खांदा निखळवून जिंकली. आणि शेवटी पैशासाठी रेयालही सोडलं. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि मग बार्सिलोनावाले विरुद्ध माद्रिदवाले अशी नेहमीची हाणामारी.

हा मजकूर निव्वळ खोटा असता तर दुर्लक्ष करून पुढे जाता आलं असतं. पण यात खऱ्या गोष्टी आहेत, आणि त्या अर्ध्यावर तोडून ठेवल्या आहेत. २६ लाल कार्डं खरी आहेत. सलाहचा खांदा खरा आहे. म्हणूनच वाचणाऱ्याला उरलेलंही पटतं. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ. मी रेयालचा पाठीराखा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उत्तरं त्याच दिशेनं येतील.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जन्म ३० मार्च १९८६, सेव्हियाजवळचं कामास हे गाव. सेव्हियाच्याच अकादमीत वाढला, २००४ मध्ये ला लिगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमध्ये, उतरला. २००५ च्या उन्हाळ्यात रेयालचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी त्याला सुमारे २.७ कोटी युरो मोजून माद्रिदला नेलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. एका किशोरवयीन बचावपटूसाठी त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. तिथे १६ मोसम, ६७१ सामने, १०१ गोल, ५ ला लिगा, ४ चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा). स्पेनसाठी १८० सामने. मग पॅरिस, पुन्हा सेव्हिया, आणि शेवटी मेक्सिकोतला मोन्तेरे.

"गोल काय, पेनल्टीचे"

हा मुद्दा सर्वांत कच्चा, आणि सर्वांत जास्त लाइक यालाच मिळतात.

साधं कॅलेंडर बघा. २००९ च्या उन्हाळ्यापासून २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत रेयालमध्ये क्रिस्टियानो रोनाल्डो होता. पेनल्टी मिळाली की चेंडू कोण उचलायचा, हे सांगायची गरज नाही. रामोसच्या वाट्याला त्या नऊ वर्षांत क्वचित एखादी यायची. नियमितपणे पेनल्टी घेणारा रामोस हा २०१८ नंतरचा, वयाची तिशी ओलांडलेला रामोस. ज्या गोलांमुळे त्याचं नाव झालं, ते सगळे त्याच्या आधीचे आहेत, आणि जवळजवळ सगळे डोक्यानं मारलेले.

२०१४ चा एप्रिल. म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना, समोर ग्वार्डिओलाचा बायर्न. १६ व्या मिनिटाला कॉर्नरवर रामोसचा हेडर, २० व्या मिनिटाला फ्री किकवर पुन्हा रामोसचा हेडर. वीस मिनिटांत लढत संपली. शेवटी ०-४, रेयालच्या बाजूनं.

मग २४ मे, लिस्बन, त्याच स्पर्धेचा अंतिम सामना. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सामना सुरू झाला आणि बरेच जण दुसऱ्या हाफमध्येच झोपून गेले, कारण अटलेटिको माद्रिदनं ३६ व्या मिनिटाला गोडिनच्या गोलावर आघाडी घेतली होती आणि प्रशिक्षक सिमिओनेचा तो संघ एकदा पुढे गेला की दार लावून घ्यायचा. पाच मिनिटांचा वाढीव वेळ मिळाला. अटलेटिको पहिल्यांदा युरोपचा विजेता होणार, हे जवळपास ठरलं होतं. उजव्या बाजूनं मोड्रिचचा कॉर्नर आला. त्या गोलाचा व्हिडिओ पुन्हा बघितलात तर चेंडूकडे बघू नका, रामोसकडे बघा. तो मागून धाव घेत येतो, गर्दीत न अडकता मोकळ्या पट्ट्यात उडी घेतो आणि चेंडू खालच्या कोपऱ्यात असा लोटतो की अटलेटिकोचा गोलरक्षक कुर्तुआ याची लांबलचक उडीही अपुरी पडते. घड्याळात ९२:४८. अतिरिक्त वेळेत अटलेटिकोचे पाय संपले आणि निकाल ४-१ असा लागला. रेयाल १२ वर्षं ज्या दहाव्या युरोपियन चषकाच्या, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या, मागे होतं, तो चषक तिथे मिळाला. मोन्तेरेत गेल्यावर रामोसनं पाठीवर ९३ आकडा घेतला तो या त्र्याण्णवाव्या मिनिटासाठी.

'एक गोल, त्याच्यावर किती वर्षं जगायचं?' असंही विचारलं जातं. मग २०१६-१७ चा मोसम घ्या. यावर फारसं कुणी बोलत नाही, पण मला तो लिस्बनपेक्षा जास्त बोलका वाटतो.

३ डिसेंबर २०१६, बार्सिलोनाचं मैदान कॅम्प नोऊ. बार्सिलोना १-०. ९० व्या मिनिटाला मोड्रिचची फ्री किक, रामोसचा हेडर, १-१. पुढच्याच आठवड्यात, १० डिसेंबरला, घरच्या मैदानावर देपोर्तिवोविरुद्ध २-२ अशी बरोबरी, वाढीव वेळेतलं दुसरं मिनिट, पुन्हा रामोसचा हेडर, ३-२. आता मोसमाअखेरचा गुणतक्ता काढा: रेयाल ९३, बार्सिलोना ९०. कॅम्प नोऊवरचा तो हेडर काढून टाका. रेयालचा एक गुण गेला, बार्सिलोनाचे दोन वाढले: ९२-९२. गुण सारखे असले की ला लिगात आपसातले सामने बघतात, आणि आपसातले दोन्ही सामने मग बार्सिलोनाचे झाले असते. देपोर्तिवोचा गोलही काढला तर हिशेबच संपला. मोसम असा विटा काढून मोजता येत नाही, हे मान्य. पण पेनल्टीच्या नावानं खिल्ली उडवणाऱ्यांनी एवढी वजाबाकी करून बघायला हरकत नाही.

याच मोसमात दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवायचं कारण नाही. २३ एप्रिल २०१७, रेयालचं मैदान बेर्नाबेऊ. बार्सिलोना १-२ असं पुढे असताना ७७ व्या मिनिटाला रामोस मेस्सीवर दोन पायांनी घसरला आणि थेट लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. दहा जणांनिशी रेयालनं बरोबरी साधली, पण शेवटच्या क्षणी मेस्सीनं गोल केला आणि जर्सी काढून प्रेक्षकांना दाखवली. ते छायाचित्र सगळ्यांना आठवतं. म्हणजे रामोसनं डिसेंबरमध्ये जे मिळवून दिलं, त्यातलं बरंचसं एप्रिलमध्ये परत केलं.

आता खुद्द पेनल्टी. २०१२ च्या एप्रिलमध्ये बायर्नविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये रामोसनं चेंडू बारवरून थेट आभाळात धाडला. रोनाल्डो आणि काका यांच्या पेनल्टी बायर्नचा गोलरक्षक नॉयर यानं अडवल्या होत्या, तरी चेष्टा झाली ती रामोसची. बरोबर ६३ दिवसांनी, २७ जूनला दोनेत्स्कमध्ये, युरोच्या उपांत्य फेरीत पोर्तुगालविरुद्ध पुन्हा शूटआउट आलं. चौथी पेनल्टी रामोसची. त्यानं पळत येऊन चेंडू अलगद, पनेंका पद्धतीनं, मधोमध उचलला. दोन महिन्यांपूर्वी जगभर हसं झालेल्या माणसानं हे करावं, याला मी तरी 'सोपा गोल' म्हणणार नाही.

जून २०२० मध्ये त्यानं रोनाल्ड कूमनचा ६७ गोलांचा विक्रम मोडला आणि ला लिगातला सर्वाधिक गोल करणारा बचावपटू झाला. तो विक्रमी गोल रेयाल सोसिएदादविरुद्ध पेनल्टीवरच आला. पण ज्याचा विक्रम मोडला तो कूमन स्वतःच पेनल्टी आणि फ्री किकचा उस्ताद होता. कूमनच्या गोलांतून पेनल्टी वजा करताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

(डोक्यावर एवढा भरवसा असलेल्या या माणसाच्या हातांवर मात्र भरवसा ठेवू नये. २०११ मध्ये कोपा देल रे जिंकल्यावर मिरवणुकीच्या उघड्या बसवरून त्यानं चषक खाली पाडला आणि बस त्यावरून गेली. हे मीममध्ये घातलंत तर माझी तक्रार नाही.)

"स्पेनमध्ये पुयोल-पिकेनं सांभाळलं"

२००८ चा युरो, २०१० चा विश्वचषक, २०१२ चा युरो. या तीन स्पर्धांच्या बाद फेरीत स्पेन दहा सामने खेळला. इटली, रशिया, जर्मनी. मग पोर्तुगाल, पॅराग्वे, जर्मनी, नेदरलँड्स. मग फ्रान्स, पोर्तुगाल, इटली. या दहा सामन्यांत स्पेननं किती गोल खाल्ले? शून्य. त्यातले तीन सामने अतिरिक्त वेळेत गेले, म्हणजे एकूण ९९० मिनिटं. सर्वोच्च पातळीवर, बाद फेरीत, ९९० मिनिटं एकही गोल नाही.

आता त्या तीन संघांची बचावफळी शेजारी शेजारी लिहा. २००८: रामोस, पुयोल, मार्चेना, कापदेविला. २०१०: रामोस, पिके, पुयोल, कापदेविला. २०१२: आर्बेलोआ, पिके, रामोस, आल्बा. पुयोल २०१२ ला दुखापतीमुळे नव्हता. पिके २००८ ला नव्हता. तिन्ही वेळा असणारा बचावपटू एकच. आणि तोही एका जागी नव्हे: पहिल्या दोन स्पर्धांत राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेला, तिसरीत सेंटर बॅक, म्हणजे मधोमध.

श्रेय एकट्याचं आहे असं कुणी म्हणणार नाही. मागे गोलरक्षक कॅसियास होता. २०१० च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा रॉबेन एकटा समोर आला तेव्हा कॅसियासचा पाय मध्ये आला नसता तर आज वेगळी चर्चा चालली असती. पुढे झावी आणि इनिएस्ता चेंडूच सोडत नसत. पण 'पुयोल-पिकेनं सांभाळलं' हे वाक्य २००८ आणि २०१२ ला लागूच पडत नाही, कारण त्या स्पर्धांत ती जोडी नव्हती. जो राइट बॅक म्हणून विश्वविजेता होतो आणि दोन वर्षांनी सेंटर बॅक म्हणून युरो जिंकतो, त्याला बचाव येत नाही असं म्हणायला धाडस लागतं.

२०१४ बद्दल विचारलंत तर तेही सांगतो. लिस्बनच्या त्या गोलानंतर तीन आठवड्यांतच साल्वादोरमध्ये नेदरलँड्सनं स्पेनला ५-१ असं धुतलं. पाचव्या गोलाच्या वेळी रॉबेननं अर्ध्या मैदानातून रामोसला पळण्यात असं मागे टाकलं की बघवत नव्हतं. वाईट दिवस होता. कॅसियासचाही, पिकेचाही.

"२६ लाल कार्डं"

आकडा बरोबर आहे. रेयालकडून २६, म्हणजे साधारण दर २६ सामन्यांमागे एक. नंतर पॅरिसमध्येही दोनदा बाहेर गेला. ला लिगाच्या इतिहासात इतकी लाल कार्डं दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत. या बाबतीत त्याची वकिली करण्यात अर्थ नाही. २९ नोव्हेंबर २०१० ला बार्सिलोनानं रेयालला ५-० असं हरवलं, तेव्हा शेवटच्या मिनिटांत रामोसनं मेस्सीला मागून लाथ घातली आणि जाता जाता पुयोलला तोंडावर ढकललं. त्याच पुयोलबरोबर विश्वचषक उचलून पाच महिनेही झाले नव्हते. त्या प्रकाराला कसलंही समर्थन नाही.

पण मजकुरात एक आकडा नसतो. स्पेनसाठी १८० सामने, लाल कार्डं शून्य. चार विश्वचषक, युरो, पात्रता फेऱ्या, आणि एकदाही मैदानाबाहेर काढलेला नाही.

आता हा माणूस स्वभावानंच धटिंगण असेल तर तो देशाची जर्सी घातली की साधू कसा होतो? माझ्या मते उत्तर स्वभावात कमी आणि खेळाच्या मांडणीत जास्त आहे. प्रशिक्षक आन्चेलोत्ती असो की झिदान, त्या रेयालमध्ये डावा बॅक मार्सेलो वर गेलेला असायचा, उजवीकडून कार्व्हाहालही वर. चेंडू हातचा गेला की मागे उरायचे दोन सेंटर बॅक आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळं रान. अशा वेळी सेंटर बॅकपुढे दोन मार्ग असतात: मागे हटत हटत वेळ काढायचा, नाहीतर पुढे झेप घेऊन चेंडू तिथेच तोडायचा. रामोस नेहमी दुसरा निवडायचा. जमलं तर टाळ्या, अर्ध्या सेकंदानं चुकलं तर पिवळं कार्ड. दोनदा चुकलं की बाहेर. स्पेनकडे चेंडूच इतका असायचा की अशी धावाधाव करायची वेळ कमी यायची. म्हणून मला वाटतं, ती २६ कार्डं जेवढी रामोसची आहेत तेवढीच रेयालच्या उघड्या पाठीची आहेत. मेस्सीला लाथ घालण्याच्या भानगडीला हे स्पष्टीकरण लागू नाही, हे वर सांगितलंच.

आणि त्या २६ मध्ये एक तर मुद्दाम घेतलेलं आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला अयाक्सविरुद्ध ४-० असे पुढे असताना रामोस आणि त्याचा सहकारी झाबी अलोन्सो यांनी फ्री किक आणि गोल किक घेताना उघड उघड वेळ काढला, दुसरं पिवळं कार्ड घेतलं आणि बाहेर गेले. गटातला उरलेला बिनमहत्त्वाचा सामना निलंबनात घालवायचा आणि बाद फेरीत साठलेली पिवळी कार्डं पुसून, कोरी पाटी घेऊन उतरायचं, हा बेत. युएफानं, म्हणजे युरोपियन फुटबॉलच्या संघटनेनं, प्रशिक्षक मोरिन्होसह सगळ्यांना दंड केला. हे चतुराईचं होतं की लबाडीचं, ते तुम्ही ठरवा. पण 'डोकं फिरलं म्हणून लाल कार्ड' या रकान्यात ते बसत नाही.

"सलाहचा खांदा निखळवून फायनल जिंकली"

२६ मे २०१८, कीव्ह. पहिला अर्धा तास होत आला होता, ०-० असा सामना आणि लिव्हरपूल वरचढ. चेंडूच्या झटापटीत रामोस आणि सलाहचे हात एकमेकांत अडकले, दोघंही पडले, सलाह खांद्यावर आपटला आणि रडत बाहेर गेला. पंचांनी कार्ड दिलं नाही, युएफानं नंतर कारवाई केली नाही. रामोसचं म्हणणं, आधी सलाहनंच माझा हात धरला. रामोसला शिक्षा व्हावी म्हणून ऑनलाइन अर्जावर लाखो सह्या झाल्या.

मी तो प्रसंग पुष्कळदा बघितलाय. हात अडकतो हे दिसतं, पडताना रामोस तो सोडत नाही हेही दिसतं. त्याच्या मनात काय होतं, ते कुठल्याच कोनातून दिसत नाही. ज्यांना खात्रीनं दिसतं, त्यांना ते सामन्याआधीपासून दिसत होतं असा मला संशय आहे. फाउल द्यायला हवा होता, असं माझं मत. त्यापुढे जायला माझ्याकडे पुरावा नाही.

खरं तर त्या सामन्यात रामोसवर आक्षेप घ्यायला दुसरी जागा जास्त भक्कम आहे. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला त्याचं कोपर लिव्हरपूलचा गोलरक्षक कारियसच्या डोक्याला लागलं. काही मिनिटांतच कारियसनं चेंडू थेट रेयालच्या बेन्झेमाच्या पायावर फेकला, आणि पुढे रेयालच्याच बेलचा लांबचा फटका त्याच्या हातातून निसटला. सामन्यानंतर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी तपासून त्याला मेंदूला धक्का बसल्याचं सांगितलं. हा मुद्दा मजकुरात का नसतो? कारण कारियसला हसण्यात तीच मंडळी पुढे होती.

बाकी निकाल ३-१. त्यातला एक गोल बेलनं ओव्हरहेड किकवर केला, आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याच्या तोडीचा गोल मी तरी पाहिलेला नाही. त्याचा रामोसच्या हाताशी काही संबंध जोडता येईल असं वाटत नाही.

"खरा बचाव पेपे आणि वराननं केला"

पेपे आणि वरान दोघेही थोर. वरान २०१८ चा विश्वविजेता. पण हा दावा तपासायला एक सोपी रीत आहे: रामोस निलंबित असताना चॅम्पियन्स लीगच्या मोठ्या सामन्यांत काय झालं?

एप्रिल २०१८, युव्हेंटसविरुद्ध बेर्नाबेऊवर: १-३ असा पराभव. पहिल्या सामन्यातली ३-० ची आघाडी आणि शेवटच्या क्षणी मिळालेली पेनल्टी यांमुळे कसेबसे वाचले. मार्च २०१९, अयाक्सविरुद्ध, पुन्हा घरी: १-४. सप्टेंबर २०१९, पॅरिसमध्ये: ०-३. ऑगस्ट २०२०, मँचेस्टर सिटीविरुद्ध: १-२. चार सामने, चार पराभव, १२ गोल खाल्ले. चारही सामन्यांत वरान मैदानावर होता. सिटीविरुद्धचे दोन्ही गोल तर थेट त्याच्या चुकांतून आले. एवढ्या शांत आणि वेगवान बचावपटूचं एका रात्रीत असं काय झालं असेल? शेजारी ओरडून जागा लावणारा माणूस नव्हता, हे एक कारण नक्की असावं.

पुरावा एकतर्फी नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुखापतग्रस्त रामोसशिवाय रेयालनं लिव्हरपूलला ३-१ आणि ०-० असं रोखलं. आणि तो क्लब सोडून गेल्यावर पहिल्याच मोसमात, २०२२ ला, मिलिताओ आणि आलाबा या जोडीनं चॅम्पियन्स लीग जिंकून दाखवली, त्यातही रामोसची ४ नंबरची जर्सी आलाबाच्या अंगावर. रामोसवाचून क्लबचं अडलं नाही, हे कबूल करावं लागतं. पण 'त्याच्यावाचून अडलं नाही' आणि 'त्यानं काही केलंच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जगभरच्या व्यावसायिक खेळाडूंच्या मतदानातून निघणाऱ्या वर्षातल्या सर्वोत्तम अकरांत रामोस ११ वेळा आला. ज्यांना त्याच्या कोपराची चव माहीत आहे, त्यांचीच ही मतं.

"पैशासाठी रेयाल सोडलं"

२०२१ मध्ये रेयालनं एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली, रामोसला दोन वर्षं हवी होती. घासाघीस लांबली. १७ जूनला निरोपाच्या पत्रकार परिषदेत त्यानं सांगितलं की शेवटी आपण एक वर्षालाही तयार झालो, तेव्हा प्रस्तावाची मुदत संपल्याचं उत्तर मिळालं. ताणलं तर तुटतं हे खरं, आणि ताणलं दोघांनीही.

पैसाच हवा होता तर २०२३ मध्ये पॅरिसचा करार संपल्यावर सौदी अरेबियाचा रस्ता उघडा होता. सगळे तिकडेच चालले होते. तो गेला सेव्हियात, जिथे २००५ पासून त्याच्या नावानं शिट्ट्या वाजत होत्या आणि जिथल्या कट्टर समर्थकांच्या गटानं त्याला परत घ्यायलाही विरोध केला. त्याचा जिवलग मित्र आंतोनिओ पुएर्ता याच क्लबचा. ऑगस्ट २००७ मध्ये गेताफेविरुद्ध खेळताना कोसळला आणि तीन दिवसांनी गेला, वय अवघं २२. स्पेनसाठी रामोस वर्षानुवर्षं १५ नंबरची जर्सी घालायचा, ती पुएर्ताच्या आठवणीत.

मजकुरात नसलेला मुद्दा

रामोसवर खरोखर आरोपपत्र ठेवायचंच असेल तर एक कलम मी सुचवतो. या मीमवाल्यांनी ते कधी वापरलेलं मला दिसलं नाही. त्यात लाल कार्ड नाही म्हणून असेल.

१३ फेब्रुवारी २०१९, अ‍ॅमस्टरडॅम. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीतला पहिला सामना, रेयाल १-२ असं पुढे. ८९ व्या मिनिटाला रामोसनं अयाक्सच्या डोलबर्गला पाडलं आणि पिवळं कार्ड घेतलं. त्या कार्डामुळे परतीचा सामना हुकणार होता, पण पुढच्या फेरीत पाटी कोरी होणार होती. २०१० चाच खेळ, फक्त या वेळी तो बिनमहत्त्वाच्या गटसामन्यात नव्हता, समोर बाद फेरीची ९० मिनिटं शिल्लक होती. वर सामन्यानंतर मुलाखतीत, हे डोक्यात नव्हतं असं म्हटलं तर खोटं ठरेल, अशा अर्थाचं बोलूनही बसला. नंतर सारवासारव केली, पण युएफानं एकाऐवजी दोन सामन्यांची बंदी घातली.

म्हणजे समोरचा अयाक्स संपला असं त्यानं गृहीत धरलं होतं. डी याँग, डी लिख्ट, झियेश, तादिच असलेला अयाक्स. ५ मार्चला कर्णधार बेर्नाबेऊच्या खासगी कक्षात बसला होता, त्याच्यावरच्या मालिकेचं चित्रीकरण करणारे कॅमेरे सोबत, आणि खाली १८ मिनिटांत ०-२ झालं होतं. शेवटी १-४. सलग तीन वर्षं युरोप जिंकलेला संघ मार्चच्या पहिल्या आठवड्यातच स्पर्धेबाहेर. सहा दिवसांनी प्रशिक्षक सोलारींची नोकरी गेली आणि झिदानला परत बोलावावं लागलं. बंदीतला दुसरा सामना उरला होता, तो सप्टेंबरमध्ये पॅरिसविरुद्ध भरला गेला. तोच वरचा ०-३.